सेंटर स्टँड नसलेल्या गाडीसाठी घरगुती स्टँड आणि ट्रॉली: आधी खडू, मग वेल्डिंग

प्रश्न थोडक्यात असा: ड्यूक ३९० ला सेंटर स्टँड नाही. चेन साफ करायला आणि मागचं चाक काढायला घरीच स्टँड बनवायचा आहे. शिवाय पार्किंग अरुंद आहे, चारचाकी आत आली की बाईक आडवी सरकवून भिंतीला लावावी लागते, म्हणून चाकांची ट्रॉलीही हवी. वेल्डर ओळखीचा आहे आणि घरात जुना पाण्याचा जीआय पाईप पडून आहे. तो चालेल का, आणि मापं काय घ्यायची?

स्टँड नक्की होईल. ट्रॉलीचं फरशी बघून ठरवू. जीआय पाईप मात्र या कामात घेऊ नका. ताकदीचा प्रश्न नाही, त्याच्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेने जळतं आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. ग्राइंडरने जस्त घासून काढता येतं, पण जुन्या पाईपचं आतलं जस्त कोण घासणार? साधा काळा एमएस (माइल्ड स्टील) चौकोनी पाईप आणा.

आता मुद्द्याचं. स्टँड बनवणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "पाईप किती जाड घेऊ?" माझ्या अनुभवात पाईप तुटून गाडी पडली असं क्वचितच होतं. गाडी पडते ती वजन चुकीच्या जागी उभं राहिल्यामुळे. तुमची ड्यूक १६५ किलोच्या आसपास, त्यातलं साधारण निम्मं मागच्या चाकावर, म्हणजे स्टँडला उचलायचे ते ८५ किलो. २५ बाय २५ चा, २ मिलिमीटर जाडीचा पाईप हे वजन आरामात पेलतो. हिशोब केला तर १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटरचा पाईपसुद्धा पेलेल. तरी तो घेऊ नका, कारण इतक्या पातळ पत्र्याला रॉड लावला की भोक पडतं, आणि बोल्ट आवळला की पाईप चेपतो. १४ गेज, म्हणजे २ मिलिमीटर घ्या आणि हा विषय तिथेच संपवा.

खरी डोकेफोड स्टँडच्या आकारात आहे. मागचा पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलणारा स्टँड, बाजूने पाहिला तर इंग्रजी एल अक्षरासारखा दिसतो. उभ्या हाताच्या टोकाला गाडी टेकते, कोपऱ्यात दोन छोटी चाकं, आणि तिथून मागे जाणारा लांब दांडा. दांडा खाली दाबला की अख्खा स्टँड चाकांच्या आसावर फिरतो, उभ्या हाताचं टोक वर आणि मागे जातं, गाडी उचलली जाते. दांडा जमिनीला टेकल्यावर गाडीचं वजन आसाच्या बरोबर वर किंवा पुढे राहता कामा नये. ते आसाच्या थोडं मागे, दांड्याच्या बाजूला गेलेलं पाहिजे. मी ३० मिलिमीटर धरतो. वजन मागे गेलं की ते स्वतःच दांड्याला जमिनीवर दाबून धरतं. पुढे राहिलं तर दांडा सोडताच तो उसळून वर येतो आणि गाडी पुढे निघते. यूट्यूबवर दांडा दोरीने सायलेन्सरला बांधून ठेवलेले स्टँड दिसतात, ते याच चुकीचं पाप झाकत असतात. उलट वजन फारच मागे नेलं तर दांडा हातातून सुटून धाडकन बसतो आणि कमावलेली उंचीही थोडी परत जाते.

म्हणून आकड्यांशिवाय पाईप कापायचा नाही. एक नमुना हिशोब देतो, त्यात स्वतःचं माप घाला. गाडी सरळ उभी असताना, साईड स्टँडवर कललेली नव्हे, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या हातावर) स्टँडच्या उभ्या हाताचं टोक, म्हणजे हुक, लागण्याची जागा जमिनीपासून २७० मिलिमीटरवर आहे असं समजा. उचलल्यावर ती ३१० वर हवी, म्हणजे टायर चाळीसेक मिलिमीटर अधांतरी. चाक फिरवायला, काढायला तेवढं पुरे. जास्त उंचीची हौस करू नका, प्रत्येक जादा इंचाला गाडी जास्त डगमगते. स्टँडची चाकं ७५ मिलिमीटर व्यासाची असतील तर आस जमिनीपासून ३७ वर. म्हणजे शेवटी हुक आसाच्या २७३ वर आणि ३० मागे. या दोन आकड्यांवरून उभ्या हाताची तिरकी लांबी निघते २७५. सुरुवातीला हुक आत सरकायला ५ मिलिमीटर मोकळीक सोडली, तर तो जमिनीपासून २६५ वर, म्हणजे आसाच्या २२८ वर आणि १५३ पुढे असतो. या दोन टोकांमधला कोन साधारण ४० अंश. हुक जमिनीपासून २६५ वर असताना दांडा जमिनीशी ४० अंशांत उभा राहिला पाहिजे, आणि दांडा जमिनीला टेकला की हुक ३१० वर. बस, एवढं साधलं की स्टँड झाला.

दांडा किती लांब? सुरुवातीचा क्षण सर्वात जड असतो, कारण तेव्हा वजन आसाच्या १५३ मिलिमीटर पुढे असतं. दांडा ७५० चा ठेवला तर हाताला सुमारे २३ किलोचा जोर लागतो आणि मूठ गुडघ्याच्या उंचीवर येते. ४०० चा ठेवला तर तोच जोर ४२ किलोच्या पुढे जातो, एकट्या माणसाने एका हाताने शेपटी धरून ते जमत नाही. विकतचे स्वस्त स्टँड आखूड दांड्याचे असतात, कारण खोक्यात मावायचे असतात. घरी बनवण्याचा खरा फायदा इथे आहे.

हे सगळं कागदावर न काढता जमिनीवर खडूने खऱ्या मापात काढा. आमच्या उद्यमनगरातले जुने फॅब्रिकेटर अजून असंच करतात. फरशीवर एक रेघ म्हणजे जमीन, आसाचा ठिपका, हुकची दोन ठिकाणं. मग प्लायवूडचा एल कापा, आसाच्या जागी खिळा मारा आणि फिरवून बघा. सायलेन्सर, चेनगार्ड, मागच्या ब्रेकचा कॅलिपर, नंबरप्लेटचा हात, यांतलं काही वाटेत येतंय का ते प्लायवूड धरल्यावर लगेच कळतं. तुमच्या घरात दुसरी कम्यूटर बाईक असेल आणि तिलाही हाच स्टँड वापरायचा विचार असेल तर डावीकडचा साडी गार्ड आधी पाहा. बहुतेक वेळा तोच आडवा येतो. स्टँडसाठी साडी गार्ड कापू नका. मागे बसणाऱ्याच्या सुरक्षेसाठी मागचं चाक झाकणारं ते संरक्षण मोटार वाहन नियमांतच सांगितलेलं आहे, आणि त्याचं कारण ज्यांनी पदर अडकताना पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

गाडीला टेकणारी टोकं दोन प्रकारची. एक, रबर लावलेली एल पट्टी, जी स्विंगआर्मच्या पोटाखाली बसते. दोन, व्ही आकाराचा हुक, जो स्विंगआर्मला बाहेरून बसवलेल्या बॉबिनला (खाचेच्या गोल गुंडीला) धरतो. ड्यूकच्या स्विंगआर्मला बॉबिनसाठी आट्यांची भोकं असतात, तेव्हा बॉबिनच बसवा. पट्टीवर गाडी पुढेमागे घसरू शकते, व्ही मध्ये बसलेली बॉबिन हलत नाही. भोकाचा व्यास आणि आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) तपासून मगच बॉबिन आणा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा जाड पिचचा बोल्ट बारीक पिचच्या ॲल्युमिनियम आटीत रेटला तर स्विंगआर्मच्या आट्या गेल्या. पट्टीच करायची असेल तर रबरासाठी जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा मिळवा. ट्यूबचं रबर महिन्याभरात फाटतं.

स्टँडच्या दोन उभ्या हातांमधलं अंतर कमीजास्त करायची सोय ठेवणार असाल तर २५ चा पाईप ३२ च्या पाईपमध्ये सरकवा, पण बाहेरचा ३२ चा पाईप ३ मिलिमीटर जाडीचा घ्या. मग आत २६ ची पोकळी राहते आणि २५ चा पाईप नीट बसतो. २ मिलिमीटरचा घेतला तर आत २८ होतात आणि हुक खुळखुळतो. दुकानात हे दोन पाईप एकमेकांत घालून बघाल तेव्हा एका कोपऱ्याजवळ अडकतील. घाबरून दुसरं माप घेऊ नका. पाईप बनवताना आतून वेल्डची जी बारीक शिवण राहते ती अडते. कानस घालून पुढचे दीडदोनशे मिलिमीटर ती उतरवली की पाईप सरकतो. वरून १० मिलिमीटरचा बोल्ट आवळायला, पाईपला बाहेरून नट वेल्ड करा. नट वेल्ड करताना त्यात एक फालतू बोल्ट फिरवून ठेवा, नाहीतर आट्यांत ठिणग्या उडून नट वाया जातो.

वेल्डरला दोन गोष्टी सांगा. आधी सगळीकडे टाके (छोटे ठिपक्यांचे वेल्ड), मग गुण्या लावून तपासणी, मग पूर्ण वेल्ड, तोही एका बाजूला सलग न मारता आलटूनपालटून. सलग मारला की पाईप ओढला जातो आणि एक हुक दुसऱ्यापेक्षा पाच-सात मिलिमीटर वर जातो. तेवढ्याने गाडी एका बाजूला कलते. २ मिलिमीटरच्या पाईपला २.५ चा ६०१३ रॉड आणि ६० ते ८० अँपिअर पुरेत. कोपऱ्यात, जिथे उभा हात आणि दांडा मिळतात, तिथे दोन्ही बाजूंना तिकोनी पट्टी टाका. ती नसली तरी कदाचित चालेल, पण दोन हुकांपैकी एकच नीट बसला आणि सगळं वजन एका हातावर आलं, तर ती पट्टी कामाला येते. मग रेड ऑक्साइड, वर एक हात इनॅमल. पाईपची उघडी तोंडं बंद करा.

गाडी चढवण्याआधी स्टँडची परीक्षा सिमेंटने घ्या. दांडा खाली टेकवून उचललेल्या अवस्थेत ठेवा, दोन्ही हुकांवर एक जाड पाईप आडवा टाका आणि त्यावर ५० किलोची दोन पोती लटकवा. तुमच्या गाडीच्या स्टँडवर येणाऱ्या ८५ किलोंपेक्षा हे वजन जास्तच आहे. दहा मिनिटं राहू द्या, वेल्डला केसाएवढी चीर दिसते का ते बॅटरीच्या उजेडात पाहा. दांडा जमिनीला घट्ट बसलेला राहिला पाहिजे, बोटाने उचलून बघा.

पहिल्यांदा उचलताना एक माणूस हँडल धरून समोर हवा. साईड स्टँड उघडाच ठेवा, उचलल्यावरही. काही झालं तर गाडीला टेकायला तोच आहे. दोन्ही हुक बसलेत हे वाकून डोळ्यांनी पाहा, अंदाजाने नको. दाबताना स्टँडची चाकं थोडी पुढे सरकतात, ती सरकू द्या. चाकापुढे खडा असेल तर चाक अडतं आणि गाडी मागे ओढली जाते, म्हणून जागा आधी झाडून घ्या. वर गेल्यावर पुढच्या चाकाला वीट लावा किंवा ब्रेकचा लिव्हर पट्ट्याने आवळून बांधा. खाली घेतानाही साईड स्टँड उघडा आहे ना, हे पहिलं बघायचं. बहुतेक गाड्या चढवताना पडत नाहीत, उतरवताना पडतात, कारण काम संपलेलं असतं आणि लक्ष चहाकडे असतं.

चाक अधांतरी झालं की चेन साफ करायला इंजिन चालू करून गिअर टाकायचा मोह होतो. चेन आपोआप फिरते, ब्रश धरला की काम पाच मिनिटांत. चिंध्या चेनमध्ये ओढल्या गेल्या की बोट स्प्रॉकेटपर्यंत पोचायला क्षणही लागत नाही, आणि बोटं गेलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. किल्ली काढून खिशात, गिअर न्यूट्रलला, चाक हाताने फिरवा.

या स्टँडने सस्पेन्शन मोकळं होत नाही हेही ध्यानात ठेवा. स्विंगआर्मखालून उचलल्यावर शॉकॲब्सॉर्बरवर गाडीचं वजन तसंच राहतं. चाक, चेन, ब्रेक पॅड, टायर या कामांना ते चांगलं. शॉक काढायचा असेल तर गाडी चॅसीवरून उचलावी लागते. तो स्टँड वेगळा.

आता ट्रॉली. आधी पार्किंगमध्ये तांब्याभर पाणी ओता. पाण्याच्या निचऱ्याचा उतार डोळ्यांना दिसत नाही, ट्रॉलीला दिसतो. शंभराला एक उतार असला तरी गाडी आणि ट्रॉली मिळून दोन किलोच्या जोराने खाली ओढली जातात, आणि चांगल्या बेअरिंगची चाकं तेवढ्यावर चालायला लागू शकतात. पाणी वेगात पळालं किंवा खाली पेव्हर ब्लॉक असतील तर माझं मत स्पष्ट आहे, ट्रॉली करू नका. ब्लॉकच्या फटीत एक चाक अडकतं आणि वरची गाडी पुढे जायचा हट्ट धरते. गुळगुळीत कोबा, टाईल किंवा आयपीएस (सिमेंटची घोटलेली फरशी) असेल तरच पुढे वाचा.

ट्रॉलीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे सपाट फळीखाली चार कॅस्टर (ट्रॉलीची छोटी चाकं) ठोकणं. ४ इंची कॅस्टर बसकणीसकट १३० मिलिमीटरच्या आसपास उंच असतो. म्हणजे गाडी तेवढी चढवायची आणि तेवढ्या उंचीवरून तिचा तोल सांभाळायचा. गाडीचा तळ जमिनीपासून २५ मिलिमीटरवर राहील आणि कॅस्टर बाजूला, वर वळवलेल्या हातांखाली बसतील अशी रचना करा. तळ म्हणजे ४० बाय ४० बाय ५ चे दोन अँगल, मधे ३ मिलिमीटरचा पत्रा, आतली रुंदी टायरपेक्षा २० जास्त. ड्यूकचं मागचं टायर १५० चं, म्हणून १७०. लांबी गाडीच्या व्हीलबेसपेक्षा ४०० ते ५०० जास्त. दोन्ही टायर जिथे टेकतात, नेमकं त्याच जागी तळाखालून ५० बाय १० ची पट्टी आडवी टाका, तिची दोन्ही टोकं बाहेर काढून वर वळवा आणि तिथे कॅस्टर लावा. वजन टायरमधून थेट चाकांवर गेलं की तळ वाकायचा प्रश्नच राहत नाही.

कॅस्टरचं वजन चारने नाही, तीनने भागायचं. फरशी कधीच अगदी समतल नसते, एक चाक नेहमी हलकं असतं. गाडी १६५, ट्रॉली ३० धरली तर १९५ भागिले तीन, म्हणजे ६५ किलो. १०० किलोचा पीयू (पॉलियुरेथेन) कॅस्टर घ्या, चारही फिरते, त्यांतल्या दोनांना ब्रेक. ब्रेकवाले तिरक्या कोपऱ्यांत बसवा.

डावी बाजू वेगळी वागवा. साईड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, तिचा गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून आठ-नऊ सेंटिमीटर डावीकडे जातो, आणि स्टँडच्या पायावर चाळीस-पन्नास किलो येऊ शकतात. म्हणून डावीकडचे कॅस्टर मध्यापासून ३५० वर न्या, उजवीकडचे ३०० वर पुरेत. दोन डाव्या हातांना जोडणारा एक पाईप टाका आणि साईड स्टँडच्या पायाची प्लेट एका बाजूला तळाला आणि दुसऱ्या बाजूला त्या पाईपला जोडा. प्लेट तळाच्याच पातळीत हवी. ती वर राहिली तर गाडी जास्त सरळ उभी राहते आणि हलक्या धक्क्याने उजवीकडे जाते. खाली राहिली तर जास्त कलते. दोन मिलिमीटरचा फरक चालेल, दहाचा नाही.

गाडी ट्रॉलीवर पहिल्या गिअरमध्ये आणि पुढचा ब्रेक बांधूनच ठेवायची. ट्रॉली थांबवताना गाडी पुढे जाऊ पाहते, आणि गाडी पुढे सरकली की साईड स्टँड मागे वळून मिटतो. पुढच्या टोकाला टायरला अडवणारं पाईपचं कडं वेल्ड करा. सरकवताना हँडलने ओढू नका, तळाला लावलेल्या दोरीने किंवा पायाने ट्रॉली ढकला. हँडलने ओढाल तर जोर वर लागतो आणि चाकं खाली अडलेली असतात.

मागचा स्टँड पुढच्या चाकाला चालत नाही, हे सांगून ठेवतो. पुढचं चाक काढायचं असेल तर आधी मागचा स्टँड लावायचा, मग स्टिअरिंगच्या नळीखालून उचलणारा पुढचा. त्याचा आकार पूर्ण वेगळा, तो या वेळी नको.

काम सुरू करण्याआधी तीन मापं कळवा: गाडी सरळ उभी असताना बॉबिनच्या भोकाची जमिनीपासून उंची, दोन्ही बाजूंच्या बॉबिनमधलं बाहेरून बाहेर अंतर, आणि मागच्या टायरपासून भिंतीपर्यंत किती जागा मोकळी मिळते ते. शेवटचं माप यासाठी की ७५० चा दांडा तुमच्या पार्किंगमध्ये खाली येईल की भिंतीला टेकेल ते आधी बघू. जागा कमी निघाली तर दांड्याचा मागचा अर्धा भाग बोल्टने काढता येईल असा करू, तो जोड मग ३२ च्या पाईपातच करावा लागेल.